हीच तारीख का?

स्वीडनमध्ये २५ मार्च हा वॉफल खाण्याचा दिवस. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे पाच खण टोकाला टोक लावून फुलासारखे मांडलेला लोखंडी साचा असतो. त्यात पातळ पीठ ओतून वॉफल भाजतात आणि वर फेटलेली साय नि मुरांबा घालून गरम गरम खातात. एकावर एक रचून ठेवले तर आतली वाफ कोंडते आणि कुरकुरीतपणा लगेच जातो, म्हणून साच्यातून थेट ताटलीत. या दिवसामागे वॉफल विकणारी कंपनी नाही, की वॉफल शोधणाऱ्या कुणाची जयंती नाही. तारीख चर्चच्या पंचांगातली आहे. येशूचा जन्म २५ डिसेंबरचा धरला तर त्याआधी बरोबर नऊ महिने, म्हणजे २५ मार्चला, देवदूताने मेरीला पुत्रजन्माची वार्ता सांगितली असं मानतात. स्वीडिशमध्ये त्या दिवसाचं नाव 'वोरफ्रूदागेन', म्हणजे 'आपल्या माउलीचा दिवस'. हा शब्द बोलता बोलता झिजला आणि 'वॉफेलदागेन'च्या जवळ येऊन बसला. वॉफेलदागेन म्हणजे वॉफलचा दिवस. माउली मागे राहिली, साचा चुलीवर चढला. तारीख मात्र तसूभरही हलली नाही.

गमतीच्या दिवसांची मुळं शोधताना म्हणूनच आधी तारीख धरावी. नाव बदलतं, कारण विसरलं जातं, पुढच्या पिढ्या आपल्याला पटेल अशी गोष्ट मागाहून जोडून देतात. या सगळ्यात तारीख सर्वांत हट्टी. कुणीतरी, कुठल्यातरी हिशेबाने ती तिथे ठेवलेली असते, आणि तो हिशेब लागला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे सर्वांत जुना लेखी उल्लेख शोधायचा आणि सांगितली जाणारी गोष्ट त्याच्याशी जुळते का ते बघायचं. हे दुसरं काम चिकाटीचं आहे. ते टाळलं गेल्यामुळेच अशा बऱ्याच दिवसांभोवती चुकीच्या गोष्टींची पुटं चढली आहेत.

२ फेब्रुवारीचंच बघा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पंक्सटॉनी नावाचं गाव आहे. या दिवशी सकाळी तिथे उंच काळ्या टोप्या घातलेली मंडळी 'फिल' नावाच्या ग्राउंडहॉगला सगळ्यांसमोर बाहेर काढतात. ग्राउंडहॉग म्हणजे खारीच्या कुळातला, पण चांगला गुबगुबीत, बिळात राहणारा प्राणी. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे, नाही दिसली तर वसंत लवकर. गावच्या वर्तमानपत्रात याची बातमी १८८६ साली आली आणि टेकडीवर जाण्याची पहिली अधिकृत फेरी १८८७ साली निघाली. पण तारीख या गावाने ठरवलेली नाही. नाताळपासून चाळीसाव्या दिवशी ख्रिस्ती लोक मेणबत्त्यांचा सण पाळतात, तो २ फेब्रुवारीला येतो. त्या दिवशी ऊन पडलं तर थंडी लांबणार, हा ठोकताळा युरोपात फार जुना. जर्मन शेतकऱ्यांनी त्यात बॅजर आणला. बिळाबाहेर आलेल्या बॅजरची सावली पडली तर समजायचं, अजून थंडी आहे. हेच जर्मनभाषक पेनसिल्व्हेनियात जाऊन स्थायिक झाले, तेव्हा बिळात झोपणारा तिथला प्राणी म्हणून ग्राउंडहॉगला बॅजरची जागा मिळाली.

ठोकताळ्यामागचा विचार पोकळ नाही. हिवाळ्यात जास्त दाबाची हवा ठाण मांडून बसली की युरोपातलं आकाश निरभ्र राहतं, रात्री जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते आणि कडाका टिकतो. अटलांटिकवरून ढग आले की हवा ओलसर आणि त्या मानाने उबदार होते. म्हणजे ऊन आणि थंडी यांचा संबंध खरा आहे. चूक होते ती एका दिवसावरून सहा आठवड्यांचं भाकीत करण्यात. शिवाय २ फेब्रुवारीत सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस, मिळवले की १६ मार्च येतो आणि खगोलशास्त्राच्या हिशेबाने वसंत २० मार्चच्या आसपास सुरू होतो. सावली पडो न पडो, वसंताची तारीख त्याच सुमाराला राहते. प्राण्याच्या बाबतीत मात्र जुन्या लोकांचं निरीक्षण पक्कं होतं. नर ग्राउंडहॉग फेब्रुवारीच्या सुरुवातीला खरोखरच थोडा वेळ बाहेर येतात, आसपासच्या माद्यांची बिळं हेरून ठेवतात आणि पुन्हा जाऊन झोपतात.

जर्मनीत याच जातीचा आणखी एक दिवस आहे, २७ जूनचा. 'सात झोपाळूंचा दिवस'. त्या दिवशी जसं हवामान असेल तसंच पुढचे सात आठवडे राहतं असं म्हणतात. जर्मनमध्ये 'सात झोपाळू' याच नावाचा उंदरासारखा एक प्राणी आहे, वर्षातले सातेक महिने झोपून काढणारा. त्यामुळे दिवस त्याच्यावरून पडला असं पुष्कळांना वाटतं. खरे झोपाळू एफिसस शहरातले सात तरुण. छळापासून वाचण्यासाठी ते गुहेत लपले आणि शतकांनंतर जागे झाले, अशी दंतकथा आहे. आता तारखेचा हिशेब. ठोकताळा जुन्या ज्युलियन पंचांगाच्या काळातला. १५८२ साली पंचांग सुधारताना दहा दिवस गाळले गेले. सणाची तारीख २७ जूनच राहिली, पण सूर्याच्या हिशेबाने जुना २७ जून आता ७ जुलैच्या जवळपास यायला हवा. ठोकताळा तपासायचा तर तिथे तपासला पाहिजे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात उंचावरच्या वेगवान वाऱ्यांचा पट्टा एका जागी स्थिरावला की दक्षिण जर्मनीतलं हवामान पुढे काही आठवडे बऱ्याचदा तसंच राहतं. म्हणजे जुन्या शेतकऱ्यांचं बरोबर होतं, पंचांग त्यांच्या पायाखालून सरकलं. याच सात जणांचा दिवस फिनलंडमध्ये २७ जुलैला पाळतात. नान्ताली गावात एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीला सकाळी सात वाजता समुद्रात टाकून 'जागं' करतात, आणि ती व्यक्ती कोण हे तोवर गुपित ठेवलेलं असतं.

चुकीच्या मुळांबद्दल बोलायचं तर १ एप्रिलला पर्याय नाही. सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट अशी: फ्रान्समध्ये नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होई, राजा नववा चार्ल्स याने १५६४ साली हुकूम काढून ते १ जानेवारीला नेलं, आणि जे जुन्या तारखेला चिकटून राहिले त्यांची लोक थट्टा करू लागले. हुकूम खरा आहे. बाकीची गोष्ट दोन ठिकाणी फसते. पहिलं म्हणजे फ्रान्सच्या बऱ्याच भागांत तेव्हा वर्ष ईस्टरपासून मोजत, आणि ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. ते १ एप्रिलला ठरलेलं कधीच नव्हतं. दुसरी अडचण आणखी मोठी. आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरातला कवी एदुआर्द द डेने याची १५६१ सालची एक फ्लेमिश कविता आहे. तिच्यात एक सरदार मेजवानीच्या तयारीच्या नावाखाली नोकराला एकामागून एक निरर्थक कामांवर पिटाळतो, आणि आज १ एप्रिल आहे हे नोकराच्या ध्यानात येत जातं. म्हणजे हुकुमाच्या तीन वर्षं आधी, दुसऱ्या प्रदेशात, थट्टेची ही तारीख रुळलेली होती. कार्य आधी आणि कारण मागून, असं होत नाही.

इंग्लंडमध्ये जॉन ऑब्री याने १६८६ साली १ एप्रिलची नोंद 'मूर्खांचा सण' अशी केली आहे. १६९८ साली लंडनच्या किल्ल्यात सिंहांना आंघोळ घालतात असं सांगून लोकांना खंदकाकडे पाठवलं गेलं, त्याची बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली. ही थाप इतकी टिकली की १८५०च्या दशकात तिच्या छापील प्रवेशपत्रिका वाटल्या जात होत्या, आणि तोवर किल्ल्यातले प्राणी तिथून हलवून वीसेक वर्षं झाली होती. १९८३ साली बोस्टन विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक जोसेफ बॉस्किन यांना एका वृत्तसंस्थेच्या वार्ताहराने या दिवसाचं मूळ विचारलं. त्यांनी जागच्या जागी गोष्ट रचली: रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या दरबारातल्या विदूषकांनी राज्य चालवण्याचा हक्क मागितला, आणि सम्राटाने कुगेल नावाच्या विदूषकाला एक दिवसाचा राजा केलं. कुगेल हे एका ज्यू खाद्यपदार्थाचं नाव आहे. वृत्तसंस्थेने बातमी देशभर पाठवली, वर्तमानपत्रांनी छापली, आणि खुलासा झाला तो प्राध्यापकांनी वर्गात सांगितल्यावर. त्यानंतरही ती गोष्ट मधूनमधून खरी म्हणून भेटते. तिच्यात नाव, राजा, दरबार सगळं होतं, फक्त एकही जुना कागद नव्हता. ज्या गोष्टीत पात्रं नको इतकी नीटनेटकी असतात आणि साल सांगता येत नाही, तिथे थांबावं हे शहाणपण मला या प्रकरणाने शिकवलं.

तारखेचा हिशेब अगदी उघडा बघायचा असेल तर जपानी दिनविशेष बघावेत. जपानीत प्रत्येक अंकाचे दोन-तीन उच्चार आहेत. १ ला 'इ', २ ला 'नि' किंवा 'फु', ३ ला 'सा' किंवा 'मि', ४ ला 'शि' किंवा 'यो', ६ ला 'रो' किंवा 'मु', ८ ला 'या' किंवा 'हा', ९ ला 'कु'. आधी महिना, मग दिवस असे अंक मांडायचे, प्रत्येकाचा सोयीचा उच्चार उचलायचा आणि शब्द लागतो का बघायचं. ८ आणि ३१: या-सा-इ, म्हणजे भाजी. म्हणून ३१ ऑगस्ट भाज्यांचा दिवस. २ आणि २२: तीन वेळा 'नि', ते जपानी मांजराच्या 'न्यान न्यान न्यान'ला लागून, म्हणून २२ फेब्रुवारी मांजरांचा दिवस, १९८७ पासून. अकरावा महिना तर खाणच आहे, कारण दोन एकांचं 'ई' होतं आणि 'ई' म्हणजे चांगलं. ११ आणि २२: ई फूफु, चांगलं जोडपं. ११ आणि २६: ई फुरो, छान आंघोळ. ११ आणि २९: ई निकु, चांगलं मांस. त्यामुळे नोव्हेंबरात 'चांगल्या' दिवसांची दाटी होते.

ही युक्ती दिसते तितकी सोपी नाही. महिन्याच्या जागी बारापर्यंतच आकडे, दिवसाच्या जागी एकतीसपर्यंत. दिवस दोन अंकी असेल तर त्याचा पहिला अंक एक, दोन किंवा तीनच असू शकतो, म्हणून त्या जागी 'या' किंवा 'कु' लागणारा शब्द कितीही गोड असला तरी बसत नाही. उच्चार फार ताणला तर समजावून सांगावा लागतो, आणि समजावून सांगावी लागणारी तारीख कुणाच्या डोक्यात राहत नाही. जे दिवस टिकले ते कानाला एका झटक्यात कळणारे आहेत. मला त्यातला ४ जून सर्वांत आवडतो. ६ आणि ४: मु-शि, म्हणजे किडा. जपानी दंतवैद्यांच्या संघटनेने १९२८ साली दात किडू नयेत म्हणून हा दिवस घेतला, कारण किडलेल्या दाताला जपानीत 'मुशिबा', म्हणजे किडादात, म्हणतात. दाताला कीड लागते असं आपणही म्हणतोच, तेव्हा हा हिशेब आपल्याला भाषांतराशिवाय कळतो. १० ऑक्टोबर हा डोळ्यांच्या निगेचा दिवस आहे, आणि तिथे उच्चार नाही, आकृती आहे. दहाच्या आकड्यातली उभी रेघ आणि शून्य आडवं केलं की रेघेची भुवई होते आणि शून्याचा डोळा. महिना दहावा, तारीखही दहा, म्हणून दोन डोळे. हे सगळं नोंदवणारी एक संस्था तिथे १९९१ पासून आहे. दिवसाचं नाव, तारीख आणि तीच तारीख का, याचं कारण द्यायचं, छाननी होते, शुल्क भरायचं आणि प्रमाणपत्र घ्यायचं. कारण विचारलं जातं ही गोष्ट मला मोलाची वाटते. शंभर वर्षांनी कुणी शोधायला बसलं तर त्याला कागद मिळेल.

११ नोव्हेंबर या एका तारखेला तर चार उभ्या रेघांकडे किती तऱ्हांनी बघता येतं ते कळतं. जपानमध्ये त्या रेघा पॉकी नावाच्या, चॉकलेटात बुडवलेल्या बिस्किटाच्या काड्या आहेत. हा दिवस १९९९ साली सुरू केला, कारण जपानी राजवटीच्या गणनेत ते हेइसेइ अकरावं वर्ष होतं, म्हणजे अकरावं वर्ष, अकरावा महिना, अकरावा दिवस. दक्षिण कोरियात तसल्याच पेपेरो नावाच्या काड्यांचा दिवस त्याआधीपासून होता. शाळकरी मुली 'काडीसारखी उंच आणि सडपातळ हो' म्हणून एकमेकींना त्या देत, आणि कंपनीने १९९०च्या दशकात ती चाल उचलून धरली. चीनमध्ये त्या चार उघड्या काठ्या. बिनलग्नाच्या माणसाला चिनीत 'उघडी काठी' म्हणतात. नानजिंग विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९९३च्या सुमारास एकट्या जिवांचा दिवस म्हणून तो पाळायला घेतला. २००९ साली अलीबाबा कंपनीने त्यावर विक्रीची सवलत ठेवली, आणि आता खरेदीपुढे काठी झाकून गेली आहे. कोरियात याच तारखेला शेतकऱ्यांचाही दिवस असतो आणि त्याचा हिशेब मला सगळ्यांत देखणा वाटतो. चिनी लिपीत दहाची खूण म्हणजे अधिकाच्या चिन्हासारखी फुली, एकाची खूण म्हणजे आडवी रेघ. अकरा लिहायचं तर फुली आणि रेघ. ती रेघ फुलीच्या खाली सरकवली की जे अक्षर होतं त्याचा अर्थ माती. अकरावा महिना, अकरावा दिवस: माती आणि माती. बिस्किटाच्या खपापुढे ही माती फार थोड्यांना दिसते, याचं वाईट वाटतं.

आकड्यांवर उभे असलेले दिवस शिक्षकांनाही आवडतात. १४ मार्चचा पाय (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) दिवस १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ यांनी सुरू केला. महिना आधी लिहिला की ३ आणि १४, म्हणून. युनेस्कोने २०१९ साली तोच आंतरराष्ट्रीय गणित दिन ठरवला. पण जगातले बहुतेक देश आधी दिवस लिहितात, आणि त्यांच्यासाठी २२ जुलै आहे: २२ भागिले ७. पाय ३.१४१५९… आहे. ३.१४ हा आकडा त्याहून ०.००१५९ ने कमी, तर २२/७ हा ०.००१२६ ने जास्त. म्हणजे जुलैचा दिवस मार्चच्या दिवसापेक्षा खऱ्या पायच्या अधिक जवळ आहे. २३ ऑक्टोबरला सकाळी ६:०२ पासून संध्याकाळी ६:०२ पर्यंत रसायनशास्त्रवाले मोल दिवस पाळतात. मोल हे पदार्थातले कण मोजायचं एकक, आणि एका मोलमध्ये ६.०२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात. रशियात वर्षाचा २५६ वा दिवस प्रोग्रामरांचा, २००९ पासून सरकारी मान्यतेने. एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळी मूल्यं मावतात, आणि ३६५ च्या आतला दोनचा सर्वांत मोठा घातही तोच. तारीख १३ सप्टेंबर, लीप वर्षी १२. दिवस आणि महिना दोन्ही वर्षाच्या शेवटच्या दोन अंकांचं वर्गमूळ असतात असे वर्गमूळ दिवस तर शतकात नऊच: ३ मार्च ०९, ४ एप्रिल १६, ५ मे २५. दिवस आधी लिहा की महिना आधी, काही फरक पडत नाही. पुढचा ६ जून २०३६.

आणि मग अशाही तारखा, ज्यांना सार्वजनिक कारणच नाही. १९ सप्टेंबरला चाच्यांसारखं बोलायचं असतं. ऑरेगॉन राज्यातले जॉन बाउर आणि मार्क समर्स हे दोघे मित्र ६ जून १९९५ ला रॅकेटबॉल खेळत होते. खेळता खेळता चाच्यांच्या थाटात एकमेकांवर ओरडणं सुरू झालं, आणि याचा एक दिवस असावा असं ठरलं. ६ जून ही नॉर्मंडीच्या लढाईची तारीख, तिथे चेष्टा नको म्हणून ती सोडली. समर्स यांनी आपल्या आधीच्या पत्नीचा वाढदिवस निवडला, कारण ती तारीख त्यांना पाठ होती. सात वर्षं तो दिवस त्या मित्रमंडळापुरता राहिला. २००२ साली त्यांनी डेव्ह बॅरी या विनोदी स्तंभलेखकाला पत्र लिहिलं, त्याने स्तंभ लिहिला, आणि दिवस जगभर गेला. ज्या बोलण्याची नक्कल सगळे करतात तेही समुद्रावरचं नाही. रॉबर्ट न्यूटन या नटाने १९५० च्या एका चित्रपटात चाच्याच्या भूमिकेला आपल्या नैऋत्य इंग्लंडकडच्या बोलीचा हेल दिला, आणि लोकांनी तोच चाच्यांचा मानला.

१३ ऑगस्टचा डावखुऱ्यांचा दिवस १९७६ साली सुरू झाला. त्या वर्षी तो शुक्रवार होता, आणि पाश्चात्त्य देशांत तेरा तारखेचा शुक्रवार अपशकुनी. डावा हात अशुभ मानणाऱ्यांना उत्तर म्हणून मुद्दाम तीच तारीख घेतली. या दिवसाचं महत्त्व समजायला एक कात्री पुरते. उजव्या हातात कात्री मिटताना अंगठा नकळत बाहेर ढकलतो आणि बोटं आत ओढतात. या रेट्याने दोन्ही पाती एकमेकांवर घट्ट घासतात आणि कागद कापला जातो. तीच कात्री डाव्या हातात धरली की तोच रेटा पाती एकमेकांपासून लांब करतो. कागद फटीत दुमडतो आणि चावल्यासारखा होतो. शिवाय वरचं पातं नेमकं कापायच्या रेघेवर येतं, म्हणजे रेघ दिसतही नाही. उपाय एकच, पाती उलट बसवलेली कात्री, ज्यात वरचं पातं डावीकडे असतं. बाजारात डावखुऱ्यांची म्हणून मिळणाऱ्या काही कात्र्यांत फक्त मूठ बदललेली असते, पाती जुनीच. त्यांनी बोटं दुखायची थांबतात, कागद मात्र दुमडतोच. वर्गात कात्रणं कापणाऱ्या मुलाला आपला हात आळशी नाही, हत्यार उलटं आहे, हे एकदा हातात धरून दाखवलं तर तेवढ्यासाठी हा दिवस सार्थकी लागतो.

अमेरिकेत जूनचा पहिला शुक्रवार डोनटचा. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेने तो १९३८ साली शिकागोत सुरू केला, मंदीच्या काळात मदतनिधी उभा करण्यासाठी. पण आठवण १९१७ ची आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या आघाडीवर मार्गारेट शेल्डन आणि हेलन पर्व्हियन्स या दोघी स्वयंसेविका सैनिकांना काहीतरी घरचं खाऊ घालू पाहत होत्या. भट्टी नव्हती. होतं ते पीठ, साखर, चरबी, बेकिंग पावडर, दालचिनी आणि डब्यातलं दूध. भट्टीशिवाय यातून तळणच होऊ शकतं. लाटणं म्हणून दारूची बाटली वापरली. छोट्या कढईत एका वेळी सात, असे पहिल्या दिवशी दीडशे तळले. मधलं भोक शोभेचं नाही. तळताना कडा आधी शिजतात आणि मध्य कच्चा राहतो; मध्यच काढून टाकला की तेल दोन्ही बाजूंनी लागतं आणि कच्चं राहायला जागाच उरत नाही. पुढे एका लोहाराने घट्ट दुधाच्या डब्याचं झाकण आणि एक बारीक नळी लाकडाला जोडून कापणी बनवून दिली. हा दिवस दुकानातल्या फुकटच्या डोनटमुळे ओळखला जातो, पण ती बाटली आणि ती कढई माहीत असली की डोनट वेगळा लागतो.

'राष्ट्रीय' हा शब्द बघून फसू नये. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने १९९५ साली असे स्मरणदिन ठरवणारी विधेयकं घेणंच बंद केलं. रीगन यांनी १९८४ साली जुलैचा तिसरा रविवार आइस्क्रीमचा ठरवला, त्याची अध्यक्षीय घोषणा कागदावर आहे. बहुतेक 'राष्ट्रीय' दिवसांना तसा कुठलाच कागद नसतो. ते एखाद्या संघटनेने किंवा हौशी माणसाने जाहीर केलेले आणि यादीत चढलेले असतात. अशा याद्यांमध्ये जुनी आणि भरवशाची यादी चेस बंधूंची. तिची पहिली आवृत्ती १९५७ च्या अखेरीस निघाली, ३२ पानांची. संयुक्त राष्ट्रांचे दिवस वेगळे. तिथे सदस्य देशाला ठराव मांडावा लागतो आणि आमसभेने तो संमत करावा लागतो. १९ नोव्हेंबरचा जागतिक शौचालय दिन नावावरून हसण्याचा वाटतो. सिंगापूरच्या जॅक सिम यांनी २००१ साली त्याच तारखेला आपली संस्था काढली होती. त्यानंतर बारा वर्षांनी, २०१३ साली, सिंगापूरने ठराव मांडला आणि तो संमत झाला. जॅक सिम यांनी नाव मुद्दाम तसं ठेवलं होतं. लोक आधी हसतात आणि मग ऐकतात, हा त्यांचा हिशेब होता.

मेक्सिकोतल्या वाहाका शहरात २३ डिसेंबरची रात्र मुळ्यांची. नाताळच्या बाजारात गिऱ्हाईक थांबावं म्हणून भाजीवाले मुळे कोरून मांडत. १८९७ साली नगराध्यक्षांनी त्याची स्पर्धा केली. तारीख नाताळच्या आधीच्या बाजाराची, ती आजही तीच. कोरायचे मुळे खायचे नसतात. त्यांना भरपूर खत देतात आणि वाढ पुरी झाल्यावरही जमिनीत राहू देतात, त्यामुळे ते वेडेवाकडे फुगतात. अर्ध्या मीटरपर्यंत लांब, तीन किलोपर्यंत जड. वाकडेपणाच कामाचा, कारण फाट्यांतून हात, पाय, शिंगं निघतात. साल लाल, आतला गर पांढरा. साल सोलली तिथे चेहरा, ठेवली तिथे कपडे. अडचण एकच आहे. कापलेला मुळा हवा लागताच पाणी सोडतो, सुकतो आणि कडा काळ्या पडतात. कलाकार वरचेवर पाण्याचा फवारा मारत राहतात, तरी काही तासांपलीकडे मूर्ती तग धरत नाही. म्हणून ती एकच संध्याकाळ, आणि बघणाऱ्यांची रांग तेवढ्या वेळात पुढे सरकवावी लागते.

सर्वांत विरळा दिवस अर्थात २९ फेब्रुवारी. पॅरिसमध्ये 'ला बूजी द्यू सापर' नावाचं वर्तमानपत्र फक्त याच तारखेला निघतं. पहिला अंक १९८० चा, बारावा २०२४ चा. सापर म्हणजे एका जुन्या फ्रेंच चित्रकथेतला सैनिक, त्याचा जन्म २९ फेब्रुवारीचा. या पत्राला रविवारची पुरवणीही आहे. २९ फेब्रुवारी रविवारी यायला किती वेळ लागतो ते मोजता येतं. चार वर्षांत १४६१ दिवस, म्हणजे २०८ आठवडे आणि वर पाच दिवस. दर खेपेला वार पाच घरं पुढे सरकतो, आणि सात खेपांनंतर, २८ वर्षांनी, परत रविवारवर येतो. पहिली पुरवणी २००४ साली निघाली. दुसरी २०३२ साली येईल.